घरात नाही दाणा आणि भूटानला दोन हजार कोटी?

तापीकाठ

राम राम मंडळी. धागा जरा लांबेल, आधीच सांगतो.

परवा कापसाची ट्रॉली घेऊन खरेदी केंद्रावर उभा होतो. पुढे चाळीसेक ट्रॅक्टर, मागचे मोजले नाहीत. दुपारी तीनला नंबर लागला. पोराने ओलावा मोजायच्या मीटरची दांडी कापसात खुपसली, आकडा आला १३ टक्के. आठपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर माल परत. म्हटलं, बाबा रे, वरचा थर दवानं ओला आहे, आतून घे. घेतलं. साडेबारा. परत.

तिथेच टपरीवर चहा घेताना एकानं मोबाईल पुढे केला. फॉरवर्ड असा होता: भूटानला २,१५० कोटी, नेपाळला ७०० कोटी, मालदीवला ६०० कोटी, आणि कापूसवाल्याला ठेंगा. माझी त्या वेळची मनःस्थिती लक्षात घ्या. मीही तो चार ग्रुपवर ढकलला.

घरी आल्यावर लेकीनं (बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, चोपड्याला) झापलं. म्हणे आप्पा, आधी बघा तरी. तिनं अर्थसंकल्पाचे कागद उघडले. आकडे खोटे नव्हते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्याला २०,५१६ कोटी, त्यात परदेशांना मदत म्हणून ५,४८३ कोटी. त्यातला मोठा वाटा भूटानचा. म्यानमार ३५०, श्रीलंका ३००, सगळी आफ्रिका मिळून २२५. पण तिनं कॅल्क्युलेटर पुढे केला. देशाचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. म्हणजे सरकार हजार रुपये खर्च करतं तेव्हा त्यातला एक रुपया आठ पैसे बाहेर जातो.

एक रुपया आठ पैसे ऐकून माझा राग अर्धा झाला. पण अर्धाच. हे पैसे म्हणजे नेमकं काय? दान, उसनवारी, की धंदा? आणि जिथं जातात तिथं खरंच काही उभं राहतं का? इथं बाहेर नोकरी केलेले, वाचणारे बरेच आहेत म्हणून विचारतो.

शेवभाजी

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. दुसरं काय.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, मग ती सूट डिसेंबरपर्यंत वाढवली. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, कागदावर. खेडा खरेदीला दारात व्यापारी काय भाव सांगतो ते इथं लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील. एक रुपया आठ पैसे असो नाहीतर आठ पैसे, आधी घरच्यांच्या ताटात वाढा.

रच्याकने

शेवभाजी, राग मान्य. पण आयात शुल्काचा निर्णय आणि भूटानचे पैसे ही दोन वेगळी गाठोडी आहेत. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका.

तापीकाठ, तुमच्या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण ‘मदत’ या एका शब्दात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

भूटानपासून सुरू करू. १९७४ मध्ये चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. ३३६ मेगावॅट. पैसे भारताचे, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. ऐंशीच्या दशकात तो सुरू झाला. भूटानची गरज भागून उरलेली वीज आपण विकत घेतो. त्या विजेच्या पैशातून भूटान कर्ज फेडतो आणि स्वतःचा गाडाही चालवतो. पुढे १,०२० मेगावॅटचा ताला, ७२० चा मांगदेछू, सगळं साधारण याच वळणानं गेलं, अनुदान-कर्जाचं प्रमाण मात्र बदलत गेलं. तेव्हा त्या २,१५० कोटींत अनुदान आहे तसं परत येणारं कर्जही आहे. भूटानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी, म्हणजे २०२४ ते २०२९, भारतानं एकूण १०,००० कोटींचा शब्द दिलाय. वर्षाला भागून बघा, आकडा साधारण जवळ येतो.

दुसरा प्रकार प्रशिक्षण. १९६४ पासून आयटेक नावाची योजना आहे. परदेशातले अधिकारी, तंत्रज्ञ, नर्सेस इथं येऊन शिकतात. तिकीट, राहणं, हातखर्च आपला. राजस्थानातल्या तिलोनियाला आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या आज्या येऊन सौर दिवे जोडायला शिकून गेल्या, त्या याच खात्यातून. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका, रंगांच्या खुणांनी सर्किट शिकल्या. यात पैसे थोडे जातात, नाव मात्र जास्त होतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत मोठा, आणि तो तुमच्या ५,४८३ कोटींत दिसतच नाही. सवलतीची कर्जं, ज्याला लाइन ऑफ क्रेडिट म्हणतात. भारत सरकारची एक्झिम बँक बाजारातून पैसे उभे करते आणि परदेशी सरकारला स्वस्त व्याजानं देते. व्याजातला फरक आपलं अर्थ खातं भरतं. आजवर मंजूर झालेली रक्कम ३,००० कोटी डॉलरच्या वर आहे, साठाहून जास्त देशांत. गरीब देशांना दीड-पावणेदोन टक्के व्याज, वीस-पंचवीस वर्षं मुदत. अट एवढीच की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. बांधकामाच्या कामांना थोडी सूट असते.

आता सांगा, याला दान म्हणाल?

शेवभाजी

दीड टक्का?? आम्हाला द्या की दीड टक्क्यानं.

रच्याकने

पीक कर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात शून्य टक्क्यानं पडतं, भाऊ.

शेवभाजी

‘वेळेत’ हा शब्द तुम्ही फार हळू आवाजात म्हणालात.

पराटी

मी धरणगाव तालुक्यातली, कोरडवाहू कापूस. या धाग्यावर कापसाबद्दल बोललंच पाहिजे, कारण भारतानं आफ्रिकेत कापसाचीच मदत केलीय आणि इथं कोणाला ठाऊक नाही.

बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली. पश्चिम आफ्रिकेतले हे चार कापूसवाले देश. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या कॅनकून परिषदेत त्यांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध उघड तक्रार केली, की तुम्ही तुमच्या शेतकऱ्याला पैसे देता, जगात भाव पडतो आणि मरतो आम्ही. त्यात आपलाही भाव पडतच होता. पुढे भारतानं २०१२ पासून या चार देशांत, शिवाय नायजेरिया, युगांडा आणि मलावीत कापूस तंत्रज्ञान साहाय्याचा कार्यक्रम चालवला. पहिला टप्पा २०१८ ला संपला. २०१९ च्या जागतिक कापूस दिनाला जिनिव्हात दुसरा टप्पा जाहीर झाला.

मी नागपूरला एका शेतकरी मेळाव्यासाठी गेले होते, तेव्हा जिनिंगचं शिकायला आलेले तिकडचे काही जण जेवणाच्या रांगेत भेटले. एक मालीचा होता. त्याची फ्रेंच, माझी मराठी, मध्ये एक दुभाषा सर. त्यानं माझ्या पिशवीतलं बोंड घेतलं. सरकी दातानं फोडली, धागा दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला, जसा आमचा सासरा ताणतो अगदी तसा. मग विचारलं, एकरी किती? मी खरं सांगितलं. तो दुभाष्याकडे बघून हसला. सरांनी भाषांतर करायचं टाळलं, पण मला समजलं. त्याचंही तेवढंच होतं.

आपली रुईची उत्पादकता हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास घुटमळतेय, जगाची सरासरी त्याच्या बरीच वर. तेव्हा पिकवायला आपण त्यांना काय शिकवणार, हा प्रश्न मला आहे. पण जिनिंग, सरकीचं तेल, पराट्यांचा भुसा करून जळणाच्या विटा पाडणं, यात आपण पुढे आहोत. हे शिकवलं तर त्यात वावगं काय? तो माणूस काही माझा भाव पाडत नव्हता. भाव पाडणारे दुसरे.

खापरावरची

पराटीताई, फारच छान लिहिलंत. +१.

मु_पो_शहादा

नमस्कार. मी शांतपणे वाचत होतो, पण आता लिहितो, कारण त्या ‘दीड टक्का, ७५ टक्के माल’ वाल्या कर्जावर मी तीन वर्षं जेवलोय.

साखर कारखान्यात मिल हाऊसला होतो. इथला हंगाम म्हणजे पाच महिने काम आणि बाकी डागडुजी. एका कंत्राटदारानं विचारलं, इथिओपियाला येतोस का. भारतानं तिथल्या साखर उद्योगासाठी ६४ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं, वोंजी, फिन्चा आणि तेंदाहो या कारखान्यांसाठी. मी यातल्याच एका ठिकाणी होतो. कोणत्या ते विचारू नका, माणसं अजून कामावर आहेत.

बायकोनं बिबडे आणि कळण्याचं पीठ बांधून दिलं. कळणं महिन्यात संपलं. मग इंजेरा. टेफ नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं, ताटभर मोठं, जाळीदार धिरडं समजा. आणि त्यावर शिरो म्हणून एक कालवण वाढतात. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. पिठलं हो! हरभऱ्याचं पिठलं, फक्त मसाला वेगळा.

आता कामाचं. कर्जाची अट ७५ टक्क्यांची होती, म्हणजे पंचवीस टक्के माल बाहेरून घ्यायला कागदोपत्री मोकळीक. पण कंत्राटदाराला प्रत्येक वस्तूची परवानगी, बिल, शिक्का यांच्या मागे लागण्यापेक्षा सगळंच इकडून पाठवणं सोपं. मग बॉयलरच्या नळ्यांपासून नट-बोल्टपर्यंत सगळं मुंबईहून जहाजानं जिबूती बंदराला, तिथून ट्रकनं आत. इथिओपियाला समुद्र नाही. एकदा ज्यूस हीटरचं गॅस्केट चुकीच्या मापाचं आलं. साधं गॅस्केट. अदिस अबाबाच्या बाजारात तसलं गॅस्केट मी हातात धरून बघितलं होतं. पण खर्च कोणत्या खात्यात घालायचा, यावर दोन्हीकडचे साहेब पत्रं लिहीत बसले. बरोबर माप जिबूतीला उतरायला तीन महिने.

ऊस काही पत्रांची वाट बघत नाही. कारखान्याच्या भरवशावर लावलेला ऊस तोडणीला आला, पिकला, त्याला तुरा आला. तुरा आलेल्या उसात साखर किती राहते हे शहाद्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. तिथला एक म्हातारा शेतकरी रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. बोलायचा काही नाही. गव्हाणीकडे (कारखान्यात ऊस टाकतात तिकडे) बघायचा आणि जायचा. माझ्या वडिलांना मी तसं उभं राहिलेलं पाहिलंय, ८०-८५ च्या सुमाराला, नोंद असून तोड येत नव्हती तेव्हा.

आणि ते कर्ज त्या देशाच्या डोक्यावर आहे. गॅस्केट उशिरा आलं म्हणून हप्ता थांबत नसतो.

मी म्हणत नाही की कर्ज वाईट. माझं घर त्यावर उभं राहिलं, खोटं कशाला बोलू. पण मुंबईत जाहीर झालेला आकडा आणि गव्हाणीत पडलेली पहिली मोळी, यात वर्षं जातात. पेपरात आकडा छापून येतो, मोळीची बातमी येत नाही.

तापीकाठ

शहादा, गॅस्केटचं वाचून सुन्न झालो. माझं १३ टक्क्यांचं मीटर आठवलं.

भुसावळ_जंक्शन

आपली नेहमीची खोड आहे, दुसऱ्याला देतो ते दिसतं, आपण घेतलेलं विसरतो. आम्ही खाल्लंय अमेरिकेचं. वय ७१, रेल्वेतून निवृत्त.

मिलो. लाल ज्वारी. रेशनला यायची. भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या आणि तव्यावरून उतरली की तासाभरात चामड्यासारखी. आई त्यात उडदाचं पीठ मिसळायची म्हणजे जरा धरायची. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती मात्र गोड लागायची, आम्ही पोरं त्यासाठीच जायचो.

त्या धान्यामागचं राजकारण मोठं झाल्यावर कळलं. पीएल-४८० हा परदेशांना धान्य देण्याचा अमेरिकेचा १९५४ चा कायदा. १९५६ मध्ये आपला करार. १९६६ साली बाहेरून आलेलं धान्य एक कोटी टनांच्या घरात होतं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन. व्हिएतनामवर भारत टीका करतोय म्हणून ते गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायचे. जहाज निघालं का, याची दिल्लीत वाट बघायची. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हणून सांगितलं, ते याच दिवसांत. आमच्या घरी किती तरी वर्षं सोमवारी रात्री चूल पेटत नव्हती.

त्यामुळे भारतानं २०२१ मध्ये अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू जाहीर केला आणि २०२२ मध्ये अटारीवरून अफगाण ट्रक भरून निघाले, ते टीव्हीवर बघताना मला बरं वाटलं. तालिबान वगैरे राजकारण आपापल्या जागी. गव्हाच्या बाबतीत आपण घेणाऱ्याच्या रांगेतून देणाऱ्याच्या रांगेत आलो, आणि ते माझ्या एका आयुष्यात.

अवांतर: त्या अमेरिकन गव्हाबरोबर गाजरगवत आलं, ते अजून माझ्या बांधावर आहे.

रच्याकने

काका, साष्टांग. फक्त गाजरगवताचं थोडं तपासून. पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ ची आहे आणि पीएल-४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा. गणित बसत नाही. अर्थात १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू कर्जानं आला होता, तेव्हा त्यातून आलं असेल तर नाही म्हणता येत नाही. चूभूद्याघ्या.

भुसावळ_जंक्शन

गवताला करार वाचता येत नाही हो.

अहिरानी_माटी

भो, मन्हं एक इचारनं शे. आमना नंदुरबार जिल्हाले कोन मदत दि राहिना? सातपुडाना पोरे कुपोषित, आनि आपन मालदीवले पूल बांधी देतस!

धडगाव_टपाल

अहिरानी दादा, मी तुमच्याच जिल्ह्यातला. तुमचा प्रश्न खरा आहे, पण आमच्या भागाला ‘विकासाची मदत’ मिळाली होती. त्याची गोष्ट सांगतो. पुनर्वसन वसाहतीतल्या शाळेवर शिक्षक आहे, रोज त्या गोष्टीतल्याच माणसांची मुलं शिकवतो.

सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. धरण गुजरातमध्ये, पण पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातली ३३ गावं अक्कलकुवा आणि अक्राणीतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा धुळेच. पहिलं बुडणारं गाव मणिबेली. पैसे देण्याआधी त्या गावांना विचारलं होतं का? लोकांच्या आंदोलनामुळे बँकेला स्वतःच्याच प्रकल्पावर स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती. १९९२ च्या तिच्या अहवालात पुनर्वसनावर आणि पर्यावरणावर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. बँक गेली. धरण राहिलं, पाणी चढत राहिलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी अजून विचारते, तो गोरा साहेब कागद घेऊन आला होता, त्यानं आमचं म्हणणं लिहून नेलं, त्याचं काय झालं? मी काय सांगू? म्हटलं, आजी, छापलं त्यांनी. जाड पुस्तक झालं. ती म्हणाली, मग?

म्हणून मला किती कोटी दिले यापेक्षा कोणाला विचारून दिले, हे बघावंसं वाटतं. पंतप्रधानांनी २०१८ मध्ये युगांडाच्या संसदेत सांगितलं होतं की आफ्रिकेतली भागीदारी तुमच्या प्राधान्यानुसार चालेल. चांगलं आहे. पण ‘तुमच्या’ म्हणजे सरकारच्या, की शहादेकरांच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या?

शेवभाजी

सर, याला उत्तर नाही माझ्याकडे. माझा पहिला प्रतिसाद जरा घाईचा होता.

रच्याकने

धडगाव सर, तुमच्या प्रतिसादानंतर आकडे लिहायला संकोच वाटतोय, पण तापीकाठांचा अर्धा राग शिल्लक आहे म्हणून थोडं.

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७० चा. पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ब्रिटननं २०१५ मध्ये त्याचा कायदा केला, २०२१ ला ०.५ वर आणलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार, पैसा संरक्षणाकडे वळवायचाय. अमेरिकेनं तर १ जुलै २०२५ ला आपली मदत संस्थाच मोडीत काढली. भारत या ०.७ च्या वहीत नाव घालत नाही. आम्ही दाते नाही, भागीदार आहोत, असं आपलं म्हणणं. यात तत्त्व आहे आणि सोयही आहे. वहीत नाव नसलं की किती कबूल केलं आणि किती दिलं, हे कोणी विचारत नाही.

आणि दान-धंदा सोडून तिसरी गोष्ट, शेजारधर्म की शेजारराजकारण. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ म्हणत सरकार आलं, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत पाठवले. लोकांना वाटलं आता मदत बंद. त्या वर्षी ४०० कोटींची तरतूद होती, पुढच्या वर्षी ६००. जुलै २०२५ मध्ये वर ४,८५० कोटींचं कर्ज, तेही रुपयांत. उलट अफगाणिस्तानची तरतूद २०० वरून १०० वर आली. रुसलेल्याला जास्त वाढायचं, ही लग्नातली रीत इथंही चालते.

खापरावरची

रुसलेले व्याही आणि मालदीव, हाहाहा. पण खरंय.

संपादक

पक्षांची नावं घेऊन लिहिलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. लेकीला पूर्ण धागा वाचून दाखवला. तिनं धडगाव सरांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

माझं मत विचाराल तर, फॉरवर्ड पाठवलेल्या चारही ग्रुपवर मी आज लिहिलं की आकडे खरे होते पण अर्थ मी चुकीचा लावला. तिघांनी अंगठा दिला, एकानं ग्रुप सोडला. एक रुपया आठ पैशांबद्दल माझी आता तक्रार नाही. त्या न दिसणाऱ्या कर्जांचा हिशेब मात्र पेपरात यावा असं वाटतं: किती मंजूर, किती खरंच गेले, काय उभं राहिलं.

कापूस गच्चीवर पसरलाय. दोन उन्हं मिळाली. उद्या पुन्हा ट्रॉली भरतो. शहादा, एक विचारायचं राहिलं, त्या कारखान्याचं पुढे काय झालं?

मु_पो_शहादा

चालू झाला. उशिरा, पण झाला. मी परत आल्यावर.

माझ्या हाताखाली तिथला एक फिटर होता, हुशार पोरगा. त्याला मी मिल रोलरच्या बेअरिंगचा आवाज ओळखायला शिकवलं, पान्ह्याचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानाला लावून. अजून व्हॉट्सअॅपवर असतो. परवाच फोटो पाठवला, कॅरियरचं बेअरिंग गेलंय, वरचा नंबर झिजलाय, ओळखा. मी फोटो मोठा करून बघितला, कळेना. मग शाफ्टचं माप मागवलं आणि आमच्या इथल्या बेअरिंगच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला २२३२० असणार. तसं कळवलं.

त्याचं उत्तर आलं, ‘इशी’. म्हणजे बरं. खाली शिरोच्या ताटाचा फोटो.